दात कशानं घासतेस?

भाऊबीजेला आम्ही बाबांना घेऊन आत्याच्या गावी जातो. कराडपासून फार लांब नाही. उसाच्या फडांतून जाणारा रस्ता, शेवटी ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे तिचं घर. दुपारची जेवणं होतात, पुरुष माणसं ओसरीवर आडवी होतात आणि थोड्या वेळानं घरात कुणीतरी शिंकतं. मग दुसरं कुणी खोकतं. मग सगळ्यांना कळतं, की परसात आत्यानं तवा ठेवला.

तवा भाकरीचा नव्हे. काठ झिजलेला, फक्त याच कामासाठी वेगळा ठेवलेला. तीन दगडांच्या चुलीवर आत्या त्यात काळी तंबाखू टाकते आणि नाकाला पदर लावून उलथन्यानं हलवत बसते. पानं आधी तपकिरी होतात, कडेनं काळी पडतात, आणि तो घशात जाऊन बसणारा ठसका उठतो. पार कोळपली की उतरवायची, गार करायची, हातानं चुरायची, फडक्यातून गाळायची. उरते ती काळी, भुरभुरीत मिश्री. ती पत्र्याच्या गोल डबीत भरून मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवायची. कोनाड्यात डबीच्या एका बाजूला नातवंडांची टूथपेस्ट आणि दुसऱ्या बाजूला आरसा.

या वर्षी माझी धाकटी बहीण शुभा सोबत होती. ती बालरोगतज्ज्ञ होते आहे आणि वर्षभर एका मोठ्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात काम करते. मी वकील, त्यामुळे दोघींच्या मध्ये बसायची मला सवय आहे. आत्याची धाकटी सून तिसऱ्या महिन्यात होती. ती चहा ठेवायला आत-बाहेर करत होती. शुभानं आधी ठसक्याला नाकावर रुमाल धरला, मग तव्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. वाद तिथून सुरू झाला.

शुभा : आत्या, घरात गरोदर बाई आहे आणि तू इथे नशेचा माल भाजत बसली आहेस.

आत्या : नशा? अगं, नशा करणारा माणूस गटारात पडतो. मी मिश्री लावून चाळीस वर्षं धारा काढल्या, भांगलण केली, तुझ्या काकांच्या आईचं अंथरुणावरचं सगळं केलं. कधी झोक गेलेला बघितलास माझा?

शुभा : झोक जाणं म्हणजेच नशा असं नाही. एखाद्या सकाळी मिश्री मिळाली नाही तर काय होतं तुला?

आत्या : डोकं धरतं. चिडचिड होते. सुनांना विचार, त्या लांब पळतात.

शुभा : यालाच आमच्या पुस्तकात व्यसन म्हणतात. तंबाखू चघळली काय, ओढली काय, हिरडीला चोळली काय, आत जातं ते निकोटीनच. तोंडातल्या कातडीतून ते सरळ रक्तात उतरतं. भाजल्यानं ते उडून जात नाही. उलट जळण्यातून आणखी चार विषं तयार होतात.

आत्या : हे दंतमंजन आहे, बाई. माझ्या आईनं लावलं, सासूनं लावलं.

मी : कायदा मात्र तसं मानत नाही, आत्या. 1992 मध्ये केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1997 मध्ये न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली.

आत्या : मग आता माझ्या तव्यावर पोलीस घालणार का? गुटखा बंद केलात ना 2012 ला? जा, टपरीवर जाऊन बघ कसा बंद आहे तो.

तिचा मुद्दा खोटा नव्हता. कारखान्यातल्या मंजनावर बंदी आली, तरी घरच्या तव्यापर्यंत ती पोचत नाही. तिथं ना कारखाना, ना परवाना, ना वेष्टनावरचं चित्र. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ बायकांपैकी 17 टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. त्यातल्या बहुतेकींची तंबाखू बिनधुराची. या बायका पानटपरीवर उभ्या दिसत नाहीत. त्या मोरीत, परसात, विहिरीवर असतात.

आत्या : आणि माझी तीन बाळंतपणं झाली मिश्री लावून. तिन्ही पोरं नऊ महिने नऊ दिवसांची, धडधाकट. एकाचं तरी काही वाकडं झालं?

शुभा : देवाची कृपा. पण गावात शंभर जण हेल्मेटशिवाय गाडी चालवतात, त्यातले नव्याण्णव घरी येतात. म्हणून हेल्मेट खोटं ठरतं का? एका घरात बघून हे कळत नाही, शेकड्यांनी मोजावं लागतं. आणि मोजलंय, तेही कुठे परदेशात नाही, मुंबईत. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून 1,217 गरोदर बायका शोधल्या आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा माग ठेवला. अभ्यास 2004 मध्ये छापून आला. त्यात शंभरातल्या सतरा बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि सगळ्यात जास्त वापर होता तो मिश्रीचाच.

आत्या : मग? काय निघालं?

शुभा : या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली.

आत्या : (हसत) सहा दिवस! अगं, सहा दिवस तर आमच्याकडे पाळीची तारीख सांगतानाच चुकतात. सहा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?

शुभा : आत्या, तू शेतकरीण आहेस, सरासरीची मेख मी तुला सांगायची? परवा काका म्हणत होते ना, तालुक्यात यंदा सरासरीएवढा पाऊस झाला, पण सगळा दोन रात्रीत झाला आणि ओढ्याकाठचा बांध वाहून गेला. सरासरी बरोबर होती, बांध मात्र गेला.

आत्या : गेला खरा. अजून घातला नाही.

शुभा : तसंच आहे हे. प्रत्येक बाळ बरोबर सहा दिवस आधी आलं असतं तर मी इथे तोंड वाजवत बसलेच नसते. बरीचशी बाळं वेळेवरच आली, पण काही थोडी फार म्हणजे फारच आधी आली. 37 आठवडे पुरे व्हायच्या आधी बाळंत होण्याची शक्यता तंबाखूवाल्या बायकांत दीडपटीच्या थोडी आत होती; ती फारशी वाटत नाही. पण 32 आठवड्यांच्या आतलं बघितलं तर जवळजवळ पाचपट, आणि 28 च्या आतलं बघितलं तर आठपट. अशी बाळं मोजकीच असतात, त्यामुळे पाच की तीन यावर भांडायला जागा आहे. पण कल कुठे आहे ते लख्ख दिसतं. जितकं कच्चं बाळ, तितका मिश्रीचा हात ठळक. त्याच बायकांवर दोन वर्षांनी आणखी एक लेख आला. पोटातच दगावलेली बाळं तंबाखू न वापरणाऱ्यांत शंभरात तीन, वापरणाऱ्यांत जवळजवळ नऊ.

चुलीतलं लाकूड आत्यानं मागे ओढलं. तव्यावरचा धूर कमी झाला.

आत्या : पण पोटातल्या पोराला कसं पोचतं हे? मी काही गिळत नाही, थुंकते.

शुभा : थुंकायच्या आधीच ते रक्तात गेलेलं असतं. तिथून वारेत, वारेतून नाळेत. बाळाला जेवण, हवा, सगळं वारेतून मिळतं. निकोटीननं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे पाटाचं पाणी मधेच अडवल्यासारखं. आणि निकोटीन स्वतः मात्र वार ओलांडून पलीकडे जातं. बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा थोडं जास्तच सापडतं. धूर नसला की निर्धोक, असं लोकांना वाटतं. स्वीडनमध्ये स्नूस नावाची ओली तंबाखू ओठाखाली धरतात, धुराचा संबंधच नाही. तिथल्या गरोदर बायकांतही वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

आत्या : आमच्यात म्हणतात, सातमाशी पोर जगतं, अठमाशी जगत नाही. मग लवकर आलं तर सातव्यातच आलेलं बरं.

शुभा : हे डोक्यातून काढून टाक. पोटात घालवलेला एकेक आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा कधीही बळकट. परवा आमच्याकडे 31 आठवड्यांचं होतं, वजन 1,350 ग्रॅम. त्याचा तळपाय माझ्या अंगठ्याएवढा. कातडीतून शिरा दिसतात. सगळ्यात लहान मापाचा लंगोटही त्याला काखेपर्यंत येतो. फुप्फुसांतले फुगे उघडे राहावेत म्हणून आतून एक पातळ थर असावा लागतो, तो अजून पुरेसा तयार झालेला नसतो. मग नाकात नळ्या घालून दाबानं हवा द्यायची. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं, रात्रभर बुडबुड चालू. बुडबुड थांबली की आपलाच श्वास थांबतो. आणि ही बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात. त्यासाठी आम्ही त्यांना कॅफीन देतो.

आत्या : म्हणजे कॉफीतलं?

शुभा : तेच. मोजून, थेंबाथेंबानं.

आत्या : वा गं वा! तुझी कॉफी औषध आणि माझी मिश्री विष?

शुभा : हो. किती, कधी आणि कोणाच्या अंगात, यावरच औषध आणि विष ठरतं. मी देते ते मोजून, यंत्राकडे बघत, बाळाच्या गरजेला. तुझ्या डबीतली चिमूट ना मोजलेली, ना बाळानं मागितलेली.

इथवर पारडं शुभाच्या बाजूला झुकलेलं होतं. आत्यानं तवा उतरवला, हात झाडले आणि सरसावून बसली.

आत्या : बरं, आता माझं ऐक. शेजारची सून मिश्रीला शिवत नाही. शिकलेली, पेस्टनं दात घासते. मागच्या साली सातव्या महिन्यात बाळंत झाली. तिला कुठली मिश्री नडली?

शुभा : कुठलीच नाही. रक्तदाब असेल, लघवीचा संसर्ग असेल, अंगात रक्त कमी असेल, पिशवीचं तोंड सैल असेल. जुळी असली तरी लवकर येतात. एकदा आधी आलेलं असेल तर पुन्हा तसं व्हायची भीती असते. आणि पुष्कळदा, सगळं तपासूनही कारण हाती लागत नाही. जगात दहातलं एक बाळ वेळेआधी येतं. 2020 मध्ये आपल्या देशात अशी 30 लाखांच्या वर बाळं जन्मली, कुठल्याही देशापेक्षा जास्त. ती सगळी मिश्रीची नाहीत.

आत्या : मग मिश्रीलाच का धरून बसलात? फडावर जाऊन बघ. पोट घेऊन बाई पहाटे तीनला उठते, मोळ्या वाहते, ट्रॉली भरते. चुलीचा धूर खाते. खायला भाकरी आणि ठेचा. त्याचं कोण काय करतं? सगळं सोडून तिच्या चिमटीतली मिश्री तेवढी दिसते तुम्हाला.

शुभा : कारण बाकीचं एका दिवसात बदलत नाही. हे बदलू शकतं.

आत्या : कोण बदलणार? तीच ना? म्हणजे ऊस तिनं तोडायचा, उपाशी तिनं राहायचं आणि सुधारायचंही तिनंच.

शुभा गप्प बसली. मला वाटतं, तिच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता.

आत्या : बाई मिश्री का लावते, हे विचारलंस का कधी कुणाला? दाढ किडलेली असते. दाढ काढायची तर तालुक्याला जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची. मिश्री दाबली की दाढ बधिर होते. पहाटे पोट साफ होत नाही. मिश्री लावली की होतं. भूक लागते आणि स्वयंपाकाला अवकाश असतो. मिश्रीनं भूक मरते. सुरुवातीच्या महिन्यांत मळमळतं, तर तोंडाला चव येते. आणि खरं सांगू? पहाटेची ती दहा मिनिटं. बाई उंबऱ्यावर बसलेली, तोंडात बोट, तोंड भरलेलं. तेव्हा तिला कोणी हाक मारत नाही, कारण ती उत्तर देऊ शकत नाही. दिवसातली तेवढीच वेळ तिची असते.

शुभा : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आत्या : आणि तुम्ही दवाखान्यात लाल गोळ्या देता ना, रक्ताच्या? त्यानं पोट आणखी बांधलं जातं. मग बाई एक तर गोळ्या उकिरड्यावर टाकते, नाही तर मिश्री दुप्पट लावते. तुमच्याच गोळीनं डबी रिकामी होते.

शुभा : (हळूच) लोहाच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं, हे तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. ते मिश्रीशी जोडून मी कधी पाहिलं नाही.

मग तिनं, कुणी विचारलं नसताना, एक गोष्ट सांगितली. काही महिन्यांपूर्वी एका आईला नोंदणीच्या वेळी विचारलं होतं, तंबाखू खाता का? ती नाही म्हणाली होती, कागदावर तसं लिहिलंही होतं. बाळ कच्चं आलं. आठवड्यानं तिच्या उशाखाली डबी सापडली. रात्रपाळीनंतरचा दिवस, शुभाचा ताबा सुटला. सगळ्या कक्षासमोर ती त्या बाईला म्हणाली, “तुम्ही खोटं बोललात. हे तुमच्यामुळे झालंय.” पुढचे दोन दिवस ती बाई बाळाला छातीशी धरायला आलीच नाही. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीची ऊब लागते. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सुरू केलेली ही पद्धत आज आपल्याकडच्या नवजात कक्षांतही आहे. ते दोन दिवस बाळ पेटीतच राहिलं.

शुभा : आणि मुख्य म्हणजे, मी बोलले ते शास्त्रालाही धरून नव्हतं. शंभर बायकांबद्दल मला सांगता येतं. त्या एका बाईचं बाळ मिश्रीनंच आधी आलं, असं कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी : धाकदपटशाचा हा प्रयोग अमेरिकेत पोलिसांना घेऊन झालाय. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात 1989 पासून एका सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासत आणि निकाल पोलिसांना देत. काहींना बाळंतपण झाल्या झाल्या बेड्या पडल्या. पकडलेल्या बायका जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय होत्या. 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाईच्या संमतीशिवाय केलेली अशी तपासणी घटनाबाह्य आहे.

शुभा : पण दादा, कोकेननं वार सुटते, बाळ आधी येतं, हे खरंच आहे. निकाल बाईच्या बाजूनं लागला म्हणून कोकेन निर्दोष ठरलं नाही.

मी : नाहीच ठरलं. पण दवाखान्यात गेलं की पोलीस येतात, हे कळल्यावर बाई कुठे जाईल? आधी दवाखाना टाळेल.

आत्या : आमच्याकडे पोलीस लागत नाही. नर्सबाईचा आवाज पुरतो.

शुभा : मग काय करायचं? न विचारता गप्प बसायचं? जागतिक आरोग्य संघटना तर सांगते, प्रत्येक गरोदर बाईला तंबाखूबद्दल विचारा, आणि प्रत्येक भेटीत विचारा. मी विचारते. बायका खोटं बोलतात.

आत्या : खोटं नाही बोलत गं.

शुभा : नाही कसं? डबी उशाखाली होती.

आत्या : तू विचारलंस काय? “तंबाखू खाता का?” तंबाखू खातात ती पुरुष माणसं. चुना मळायचा, टाळी मारायची, दाढेखाली धरायची. बाई मिश्री खाते का? बाई मिश्री लावते. तू मला विचारलंस तर मीही नाहीच म्हणेन, आणि देवासमोर म्हणेन. थांब, तुला दाखवते.

धाकटी सून चहाचे कप घेऊन दारात आली होती.

आत्या : शुभे, हिला विचार, तुझ्या पद्धतीनं.

शुभा : अगं, कशाला उगाच...

आत्या : विचार तर.

शुभा : (संकोचून) वहिनी, तू तंबाखू खातेस का?

सून : (दचकून) नाही हो ताई! असलं काही नाही.

आत्या : आता मी विचारते. दात कशानं घासतेस गं?

सुनेनं उत्तर दिलं नाही. तिची नजर मोरीजवळच्या कोनाड्याकडे गेली, तिथून सासूकडे, मग हातातल्या कपांकडे.

आत्याच्या चेहऱ्यावर वाद जिंकल्याचं हसू उमटलं होतं. ते तसंच थोडा वेळ राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. मी कोर्टात असे साक्षीदार पाहिले आहेत, जे दुसऱ्याचा मुद्दा खोडताना एक वाक्य बोलून जातात आणि ते वाक्य आपल्यावरच उलटलं आहे हे त्यांना बसल्यावर कळतं.

सून : मळमळायचं म्हणून... आत्याबाईंनीच सांगितलं होतं, जराशी लाव म्हणून. सकाळी एकदाच लावते.

परसात कोणी काही बोललं नाही. शुभा आता काय म्हणेल याकडे माझं लक्ष होतं. उशाखालची डबी सापडलेल्या दिवशीची शुभा मी पाहिली नव्हती, पण कल्पना करू शकत होतो. तिनं कप घेतला आणि पाट ओढून सुनेला बसायला दिला.

शुभा : किती दिवस झाले लावायला?

सून : लग्न झाल्यापासून अधूनमधून. आता रोज.

शुभा : मग चांगल्या वेळेला बोलणं निघालं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात सिगरेट ओढणाऱ्या बायकांवर एक अभ्यास झाला. ज्यांनी 15 आठवड्यांच्या आत सिगरेट सोडली, त्यांचं वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांएवढंच निघालं. मिश्रीवर तसा हिशेब मी वाचलेला नाही, पण निकोटीन तेच. तुझे अजून तेवढे आठवडे झालेले नाहीत. आणि उशीर झाला असता तरी मी सोडच म्हटलं असतं. ज्या दिवशी थांबशील, त्या दिवसापासून बाळाची बाजू सुधारते.

सून : डोकं दुखतं ताई. एक दिवस नाही लावली तर...

शुभा : दुखेल. पहिले काही दिवस जास्त, मग कमी होत जाईल. चिडचिडही होईल, घरातल्यांनी तेवढी सोसायची. मळमळीला सकाळी उठल्या उठल्या कोरडं काहीतरी खा, थोडं थोडं करून खा. गोळीनं पोट बांधलं गेलं तर गोळी टाकू नकोस, मला सांग. पाणी वाढव, पालेभाजी वाढव, नाही जमलं तर औषध देऊ. दाढ दुखते का?

सून : उजवीकडची.

शुभा : उद्या आपण कराडला दाढ दाखवू. गरोदरपणात दाढेवर उपचार करता येतात, घाबरू नकोस.

मी : 1800-11-2356 हा सरकारचा मोफत नंबरही आहे, तंबाखू सोडायला मदत करणारा.

आत्या : (पुटपुटत) फोनवर मिश्री सुटते होय.

शुभा : एकट्या फोननं सुटत नाही, एकट्या बाईच्यानंही सुटत नाही. डबी समोर कोनाड्यात असेल तर अजिबात नाही. आत्या, तू मघाशी म्हणालीस ना, सुधारायचं तिनंच का? तिनं एकटीनं नाहीच. या घरात मिश्रीला सुरुवात कोणी करून दिली?

आत्या : मला माझ्या सासूनं करून दिली. तेव्हा तो मान होता. नव्या सुनेला सासूनं आपल्या डबीतली चिमूट दिली म्हणजे सून घरातली झाली.

शुभा : ते कळलं मला. आता ती चिमूट न देण्यात मान आहे, असं करता येईल का?

आत्यानं उत्तर दिलं नाही. गार झालेली तंबाखू तिनं हातात घेतली आणि सवयीनं चुरायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली :

आत्या : हे बघ, मी काही सोडणार नाही. पासष्टी गेली माझी, मला आता कुठं बाळंत व्हायचंय. डोकं माझं धरतं, तुझं नाही.

शुभा : तोंडाच्या कॅन्सरला बाळंतपण लागत नाही, आत्या.

आत्या : एका दिवसात एकच. आज हिचं बघ.

शुभाचं समाधान झालं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीत ती म्हणत राहिली, सुटी तंबाखू किलोकिलोनं विकायलाच बंदी हवी, वेष्टनावर धोक्याचं चित्र हवं, तव्यावर भाजायची सोय ठेवायचीच कशाला. मी म्हणत राहिलो, गुटख्याची बंदी बघ आणि मग बोल. तो वाद आमचा अजून चालू आहे. पण परत कामावर रुजू झाल्यावर तिनं एक केलं. ज्या कागदावर बाईची माहिती भरतात, त्यावर “तंबाखू खाता का” या छापील प्रश्नाखाली ती आता स्वतःच्या हातानं दुसरा प्रश्न लिहिते आणि आधी तोच विचारते. मान वर न करता नव्हे, बाईकडे बघून. उत्तर काहीही आलं तरी भुवई उचलायची नाही, हा नियम तिनं स्वतःला घालून घेतला आहे. तो पाळणं अवघड जातं, असं ती सांगते.

त्या रात्री आम्ही आत्याकडेच राहिलो. पहाटे तोंड धुवायला मोरीकडे गेलो तर कोनाड्यात टूथपेस्ट होती, आरसा होता, आणि मधल्या जागेवर डबीच्या बुडाचा एक गोल काळा वळ होता. डबी नव्हती. आत्या परसात उंबऱ्यावर पाठमोरी बसली होती, तोंडात बोट, कुणाला उत्तर न देण्याच्या तिच्या वेळेत. कमरेला, लुगड्याच्या ओच्यात, काहीतरी गोल खोचलेलं दिसत होतं.